नाशिक: बाबांच्या गाडीचा अलार्म पहाटे आपोआप वाजतो

प्रेषक: मेधा, टोरांटो

नमस्कार मंडळी,

मदत नाशिकसाठी हवी आहे. आई-बाबा इंदिरानगरला राहतात. दुसरा मजला, लिफ्ट नाही. बाबांची छोटी हॅचबॅक खाली कंपाउंडच्या कडेला उघड्यावर उभी असते. गाडी बेस मॉडेल आहे, त्यामुळे सेंट्रल लॉकिंग आणि अलार्म घेतल्यानंतर बाहेरून बसवले होते. इतकी वर्षं काही तक्रार नव्हती. थंडी सुरू झाल्यापासून मात्र पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान सायरन आपोआप सुरू होतो. बाबा स्वेटर-मफलर चढवून जिना उतरतात, रिमोट दाबून बंद करतात, वर येऊन आडवे होतात, की परत सुरू. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस अंधारात जिन्यावरून चढउतार करतोय. तिकडे पहाटेचे तीन म्हणजे इथे दुपारचे साडेचार. त्या सुमारास आईचा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो.

जवळच्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, सगळं युनिट बदला. दुसरा म्हणाला, सायरनची वायर कापून टाकतो. बॉनेट दोघांनीही उघडलं नाही. वायर कापायला बाबा तयार नाहीत, कारण शेजारच्या सोसायटीतून गाड्यांच्या बॅटऱ्या चोरीला गेल्या आहेत. आणि खराब काय झालंय हे कळल्याशिवाय अख्खं युनिट बदलणं मला पटत नाही. नेमकं काय तपासायला सांगू?

मेधा

प्रेषक: नितीन

मेधा, आधी आजच्या रात्रीपुरतं. रिमोट खिडकीतून चालत नसेल तर त्याचा सेल उतरलाय. दुसऱ्या मजल्यावरून सहज चालायला हवा. नव्या रिमोटमध्ये नाण्यासारखा सीआर२०३२ असतो, जुन्यांत बोटाच्या पेराएवढा १२ व्होल्टचा २३ए किंवा २७ए. उघडून नंबर बघा आणि तोच आणा, दिसायला सारखे असले तरी एकमेकांच्या जागी बसत नाहीत. अलार्म यामुळे थांबणार नाही, पण काकांचा जिना वाचेल.

दुसरं, गाडी रिमोटने बंद न करता किल्लीने लॉक करून बघायला सांग. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच सिस्टिममध्ये किल्लीने लॉक केलं की दारं बंद होतात, अलार्म मात्र चालू होत नाही. दुरुस्ती होईपर्यंत तेवढं पुरेल.

प्रेषक: श्रीकांतकाका, न्यू जर्सी

मेधा,

मी अंबड एमआयडीसीत गाड्यांच्या वायरिंगच्या कामात आयुष्य घालवलं, म्हणून सविस्तर लिहितो. बाबांना वाचून दाखव.

अलार्म मनाने वाजत नाही. दार उघडलं, बॉनेट उघडलं, धक्का बसला किंवा इग्निशन चालू झालं, यांपैकी कुठला तरी निरोप युनिटला मिळतो, तेव्हाच तो सायरन लावतो. निरोप खोटा असेल तर तो कुठल्या वायरवरून आला एवढंच शोधायचं. युनिट बदललं आणि खोटा निरोप देणारा स्विच तसाच राहिला, तर नवं युनिटही पहाटे तीनला वाजेल. म्हणून तुझं न पटणं बरोबर आहे.

बाबांनी पुढच्या वेळी वरूनच बघायचं: सायरनबरोबर चारही इंडिकेटर लुकलुकतात का? लुकलुकत असतील तर हुकूम युनिटने दिलाय. नुसता सायरन बोंबलत असेल आणि दिवे शांत असतील, तर दोष बहुधा सायरनमध्येच आहे. काही सायरनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते. चोराने गाडीची बॅटरी काढली तरी तो वाजावा यासाठी ती असते. ती म्हातारी झाली किंवा तिला जाणारी वायर ढिली झाली की तो एकटाच सुरू होतो. म्हणूनच रात्री वैतागून कोणी बॅटरीचं टर्मिनल काढू नये. असा सायरन असेल तर टर्मिनल काढल्यावर तो जास्तच वाजेल.

डॅशबोर्डवर अलार्मचा लाल दिवा असेल. बऱ्याच युनिटमध्ये अलार्म वाजून गेल्यावर रिमोटने बंद केलं की तो दिवा ठरावीक वेळा लुकलुकून कारण सांगतो: दार, बॉनेट, धक्का की इग्निशन. कितीदा म्हणजे काय, हे कंपनीगणिक बदलतं. गाडीच्या कागदांच्या पिशवीत अलार्मचं छोटं पुस्तक असेल, ते शोधा. हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि गॅरेजवाले नेमकं तेच करत नाहीत.

आता वेळेबद्दल. गाडी लावल्यावर पाच-दहा मिनिटांत अलार्म वाजत असता तर मी रेडिएटरच्या पंख्याकडे बोट दाखवलं असतं. इंजिन बंद केल्यावरही काही गाड्यांत पंखा थोडा वेळ फिरतो, व्होल्टेज किंचित पडतं, आणि व्होल्टेजवर नजर ठेवणाऱ्या युनिटला वाटतं की दार उघडून आतला दिवा लागला. ढोलाच्या आवाजाने किंवा ट्रक गेल्यावर वाजत असता तर शॉक सेन्सर जास्त तिखट लावलाय असं म्हटलं असतं. नाशिक ढोल गल्लीतून गेला की रांगेतल्या गाड्या एकापाठोपाठ एक ओरडतात, ते त्या सेन्सरमुळेच. पण तुझ्या बाबांची गाडी रिकाम्या गल्लीत, ऐन थंडीत, पहाटे वाजते. त्या वेळी दोन गोष्टी घडतात: दव पडतं, आणि बॅटरी गारठून कमजोर होते.

दवाचा संबंध बॉनेटच्या पिन स्विचशी आहे. बॉनेट उघडून कडेच्या पत्र्यात बघा, एक वर-खाली होणारी पिन दिसेल. बॉनेट बंद असताना ती दाबलेली राहते आणि संपर्क तुटलेला असतो. बॉनेट उघडलं की पिन वर येते, वायर गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला टेकते आणि युनिटला कळतं. स्विचमध्ये गंज आणि ओल साठली की पिन दाबलेली असूनही थोडा करंट बॉडीत झिरपतो. दिवसा उन्हात सुकल्यावर सगळं ठीक, पहाटे ओलावल्यावर खोटा निरोप. इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुतलं असेल तर ही शक्यता आणखी वाढते. दारांच्या स्विचचंही तेच. आतला दिवा 'डोअर' वर ठेवून एकेक दार बंद असताना बाहेरून हलवा. दिवा मिणमिणला तर ते दार गुन्हेगार. बॉनेटचा स्विच मात्र या दिव्याशी सहसा जोडलेला नसतो, त्याला वेगळंच तपासावं लागतं.

तपासायचं असं. संध्याकाळी बॉनेटच्या पिनची वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळा आणि गाडी नेहमीप्रमाणे रिमोटने लॉक करा. बाहेरून बसवलेल्या अलार्ममध्ये ही वायर मोकळी राहिली तर युनिटला बॉनेट बंदच वाटतं. रात्र शांत गेली तर चोर सापडला. नाही गेली तर ती परत जोडून शॉक सेन्सरचा प्लग काढा, मग एकेक दार. एका रात्री एकच गोष्ट काढायची. घाईने दोन-तीन एकदम काढल्या तर काहीच कळणार नाही. (कंपनीतूनच अलार्म आलेल्या गाड्यांना हे लागू नाही. त्यांत काही ठिकाणी उलटं असतं, वायर काढली की अलार्म लागतो.)

वायर कापणाऱ्याला हात लावू देऊ नका. या युनिटमधून बहुतेक वेळा स्टार्टरचा पुरवठा तोडणारी रिलेही (विजेवर चालणारा स्विच) जोडलेली असते. चुकीची वायर कापली तर गाडी सुरूच होणार नाही.

श्रीकांत

प्रेषक: मेधा

काका, खूप आभार. बाबांनी काल रात्री खिडकीतून पाहिलं. चारही इंडिकेटर लुकलुकतात. रिमोटमध्ये नवा सेल टाकला, आता वरूनच बंद होतो, त्यामुळे मी निम्मी सुटले. पुस्तक सापडलं नाही. इंजिन दिवाळीच्या सर्व्हिसिंगला प्रेशरने धुतलं होतं, हे आईला पक्कं आठवतंय.

एक प्रश्न सोसायटीचाही आहे. सेक्रेटरींनी बाबांना सांगितलंय की पुन्हा वाजला तर लेखी तक्रार करू. बाबांना ते फार लागलंय.

प्रेषक: ऋचा

मेधा, सेक्रेटरींवर रागावू नकोस. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि गाडीचा सायरन तिच्या कितीतरी पुढे जातो. त्यांच्याही घरात कुणी आजारी, कुणी तान्हं असेल. बाबांनी स्वतःच दोन ओळी लिहून द्याव्यात: दोष शोधायचं काम सुरू आहे, तोपर्यंत रात्री गाडी किल्लीने लॉक करतो, अलार्म चालू ठेवत नाही. तपासणीची रात्र असेल तेव्हा वॉचमन आणि खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगावं. लोक समजून घेतात, फक्त आपण आधी बोलायला हवं.

प्रेषक: समीर (सध्या नाशिकला)

मेधा, मी सुट्टीवर घरी आलोय, सिडकोत. ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला घेऊन आज सकाळी काकांकडे गेलो. मुद्दाम सकाळी लवकर, श्रीकांतकाका म्हणाले त्या दवाचा विचार करून. निफाडकडे पारा घसरला की इकडेही हात बधिर होतात. आठ वाजता बॉनेटवर थेंब उभे होते.

पिन स्विचच्या टोकाचं रबर गायब होतं. त्यामुळे बॉनेट बंद झाल्यावरही पिन जेमतेम दाबली जात होती. स्विच उपसून काढला तर खाली गंज, आणि वायरच्या टोकाला हिरवट थर. इलेक्ट्रिशियनने पिन पूर्ण दाबून ठेवली आणि मल्टिमीटरने स्विच ते बॉडी मोजलं. मीटरने काहीच दाखवायला नको होतं, पण काही शे ओहम दिसत होते. तिथेच कापडाने पुसून, हीटरच्या गरम हवेवर सुकवून परत मोजलं तर आकडा खूप वर गेला, म्हणजे करंट झिरपणं जवळजवळ थांबलं. काका खुर्ची टाकून शेजारी बसले होते, त्यांनी स्वतः मीटर वाचलं.

नवा स्विच टाकला. पत्र्याचं भोक पॉलिश पेपरने घासून त्याला ग्रीस लावलं, वायरचं काळं पडलेलं टोक कापून नवा लग (टोकाचा धातूचा जोड) दाबला, आणि जोड खाली लोंबत होता तो वर वळवून बांधला, म्हणजे पाणी उतरून आत जाणार नाही. उंदरांनी वायर कुरतडल्यात का तेही पाहिलं, तसं काही नव्हतं.

शॉक सेन्सर स्टिअरिंगखाली एका सैल पट्टीवर लटकत होता आणि पूर्ण तिखट लावलेला होता. तो पक्का बांधला, स्क्रू हळूहळू उलटा फिरवत आणला. आता काचेवर तळहाताने थोपटलं तर एकच टुक करतो, जोरात थाप दिली तर पूर्ण वाजतो. अगदी मंद करू दिला नाही, कारण मग तो ठेवण्यात अर्थ नाही.

अजून एक. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॅटरी १२.१ व्होल्ट दाखवत होती.

प्रेषक: मेधा

समीर, तुझे आभार कसे मानू कळत नाही. गाडी परत रिमोटने लॉक होते आहे आणि रात्री शांत आहेत. बाबांनी सेक्रेटरींना जुना गंजलेला स्विच नेऊन दाखवला. दोघं चहा प्यायले म्हणे.

काका, १२.१ म्हणजे बॅटरी बदलायची का? बाबा गाडी फक्त रविवारी काढतात, देवळापर्यंत आणि भाजीला.

प्रेषक: श्रीकांतकाका

समीर, काम नेटकं केलंस. स्विच सुकवून दुसऱ्यांदा मोजलास, त्याने शंका उरली नाही.

मेधा, लगेच बदलू नका. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी उभ्या गाडीत सुमारे १२.६ दाखवते. १२.१ म्हणजे ती अर्ध्याच्याही खाली आहे, पण मेलेली आहे असं यावरून ठरत नाही. अलार्म, रेडिओचं घड्याळ वगैरे मिळून उभी गाडीही थोडा करंट खाते. ५० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे दोन आठवड्यांत जवळजवळ निम्मी रिकामी. देवळापर्यंतच्या फेरीत स्टार्टरने घेतलेलंसुद्धा धड भरून निघत नाही.

आधी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करून घ्या, रात्रभर राहू द्या, सकाळी परत मोजा. १२.५ च्या आसपास टिकली तर चांगली आहे, १२.२ वर आली तर मग बदला. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत, तेही समीरच्या माणसाकडून बघून घ्या, नाहीतर नवी बॅटरीही उपाशीच राहील. आणि बाबांना सांग, रविवारी देवळानंतर गाडी त्र्यंबक रोडला वळवा. त्र्यंबकेश्वर जेमतेम ३० किलोमीटर आहे, आईंनाही घेऊन जा. जाऊन-येऊन बॅटरीला हवा तेवढा वेळ मिळतो.