मदत हवी आहे: रेव्हिटमध्ये कौलारू छपराची आढी जुळली, पन्हळ जुळत नाही

नमस्कार. मी नाशिकला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अंजनेरीच्या पायथ्याशी मामाचं जुनं घर आहे, त्याचं छप्पर उतरवून नव्याने घालायचंय. मंगलोरी कौलं शाबूत आहेत, वासे मात्र किडलेत. सुतारकाकांना वाशांची लांबी काढून द्यायचं काम माझ्याकडे आलंय, त्यामुळे रेव्हिट या सॉफ्टवेअरमधलं छपराचं मॉडेल मापाला खरं उतरायलाच हवं.

घर टी आकाराचं. मुख्य घराची रुंदी वळचणीसकट २४ फूट, समोर मधोमध पुढे आलेल्या ओसरीची १६. उतार सगळीकडे ३० अंश. दोन्ही छपरं मी रूफ बाय फूटप्रिंटने (बाहेरची कड रेखाटून छप्पर उभं करायची पद्धत) वेगवेगळी काढली. ओसरीचं आढं (छपराच्या माथ्याची कड) खाली राहिलं, म्हणून तिचा बेस ऑफसेट (छप्पर जिथून सुरू होतं ती उंची) वाढवत दोन्ही आढी एका पातळीत आणली आणि जॉइन रूफ केलं. वरून छान दिसतं. खालून पाहिलं तर ओसरीच्या दोन्ही अंगांना वळचणीखाली त्रिकोणी भोक. पन्हळही (छपराचे दोन उतार मिळतात ती आतली खोबण) कोपऱ्यातून न निघता बरीच आत सुरू होते.

त्र्यंबककडचा पाऊस पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. मामाच्या भिंतीवर नेमके त्याच दोन कोपऱ्यांखाली काळपट ओघळ आहेत. आजी पावसाळाभर तिथे पातेली मांडून ठेवायची. नव्या छपराला तरी ते नको.

जॉइन रूफ चुकतंय की माझी पद्धतच?

प्रतिसाद

जॉइन रूफचा दोष नाही. उतार सारखा आणि रुंदी कमी, तर आढं खालीच येणार. मुख्य घराची अर्धी रुंदी १२ फूट, ३० अंशाला ती ६.९३ फूट चढते. ओसरीची अर्धी ८, ती ४.६२. फरक २.३१ फूट, तेवढीच ओसरी तुम्ही उचललीत. मुख्य पाख्याला (घराच्या छपराच्या उताराला) तेवढी उंची गाठायला ४ फूट आत जावं लागतं; त्या ४ फुटांत तुमचं भोक आहे.

दोन्ही छपरं पुसा. एकाच स्केचमध्ये अख्ख्या टीची कड काढा, तिन्ही गेबलच्या (छपराच्या त्रिकोणी टोकांच्या) कडांवरचं डिफाइन्स स्लोप (त्या कडेपासून उतार देणारी खूण) काढून टाका, बाकी सगळ्यांना ३०. पन्हळ कोपऱ्यातूनच निघेल, प्लॅनमध्ये ४५ अंशात. तिच्याखालचा तिरका वासा १२.२२ फूट भरायला हवा, मॉडेलमध्ये तपासून बघा.

आढी एका पातळीत हवीच असतील तर ओसरीला जवळजवळ ४१ अंश उतार द्यावा लागेल. मग पन्हळीच्या दोन बाजूंची कौलं वेगवेगळ्या कोनात कापत बसावं लागतं. मी तरी तसं करणार नाही. जुनं आढं कुठे होतं ते आधी मामांना विचारा.

धागाकर्ता

मनापासून आभार! एका स्केचमध्ये काढलं आणि भोक गेलं. मामाला फोन केला, तर जुन्या ओसरीचं आढंही मुख्य पाख्यात खालीच शिरतं. सुतारकाकांनी लगेच दोरी लावून पन्हळीखालचा जुना वासा मोजला: बारा फूट तीन इंच. माझ्या मॉडेलमध्ये १२.२२!

म्हणजे उतार पहिल्यापासून बरोबर होता. गळत होतं ते पन्हळीतल्या पत्र्यामुळे, तो वीतभरच रुंद आणि मधे गंजून चाळण झालेला. आता एवढं सांगा, नवा पत्रा कौलांखाली दोन्ही बाजूंना किती आत घ्यावा?