स्लॉथ मेला तर बिघडतंय काय?

मिरजेचा दादा: पनामातल्या एका बेटावरच्या बुटक्या स्लॉथसाठी, म्हणजे झाडाला लटकून राहणाऱ्या त्या संथ जनावरासाठी, लोक गळे काढायला लागलेत. आठवड्यातनं एकदा झाडावरनं उतरायचं, तेही परसाकडला! असलं आळशी जनावर. त्यापरीस समुद्रातला प्रोक्लोरोकॉकस प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारा बारीक जीव, बघा. डोळ्याला दिसत नाही, पण आपला निम्मा ऑक्सिजन तोच देतो. पैसा घालायचा तर तिकडं घाला.

कृष्णाकाठ: दादा, राहवलं नाही म्हणून लिहितोय. निम्मा ऑक्सिजन एकटा तो देत नाही. समुद्रातले सगळे वनस्पती-प्लवक मिळून पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा साधारण निम्मा वाटा उचलतात, आणि त्यातला बहुतेक ऑक्सिजन समुद्रातच श्वसनात, कुजण्यात परत खर्ची पडतो. आपण ओढतो तो हवेतला साठा कोट्यवधी वर्षांचा. बरं, तुमच्या लाडक्याच्या पेशी किती? एकावर सत्तावीस शून्यं. त्याला कशाला पाहिजे वर्गणी? स्लॉथचं अख्खं जग म्हणजे एस्कुदो दे व्हेराग्वास बेट, चार-साडेचार चौरस किलोमीटर. राहतो मुख्यतः खारफुटीत. ती तोडली की खेळ खलास. वेगळी जात म्हणून नोंद २००१ ची, आणि आत्ताच शेवटच्या घटका!

पाटणचा बापू: स्लॉथ म्हणजे आमच्याकडचं अस्वलच न्हवं? करवंदाला गेलेल्या चुलत्याची मांडी फाडली त्यानं. बावीस टाकं. भरपाईला दीड वरीस हेलपाटं. त्यावर बोला की!

कृष्णाकाठ: बापू, ते स्लॉथ बेअर. नाव सारखं, नातं काही नाही. आधी वाचत जावा.

वाईची सून: एवढं फिस्कारायला काय झालं? १७९१ साली जॉर्ज शॉनं आपल्या अस्वलाला स्लॉथ समजूनच 'ब्रॅडिपस उर्सिनस' नाव दिलं होतं. विलायतेतला तज्ज्ञ फसला, तिथं बापूंचं काय घेऊन बसलात.

पाटणचा बापू: मी फसलेलो न्हाई, ताई. टाकं मी मोजल्यात. हापिसात म्हणत्यात पंचनाम्याची प्रत आणा, प्रत त्यांच्याच कपाटात!

मिरजेचा दादा: बापू, तुमचा वेगळा धागा काढा. ऑक्सिजनचं चुकलं माझं, घ्या, प्राध्यापकसाहेब. पण प्लवकावर मासे जगतात, माशांवर माणसं. स्लॉथवर कुणाचं पोट आहे?

कृष्णाकाठ: स्लॉथांच्या केसांत शेवाळ वाढतं, पतंग राहतात.

मिरजेचा दादा: पतंग! मग फाडा पावती, पतंगांच्या नावानं.

पाटणचा बापू: पावत्या फाडताय तर चुलत्याचंबी बघा. गुडघा अजून वाकत न्हाई.