बँड सोडल्यावरचं पहिलं गाणं: हिंमत की उसनी पुण्याई?

आंबेवाला, वेंगुर्ला
परवा रात्री कुडाळहून परत येताना भाच्याने गाडीत पीटर गॅब्रिएलचं 'सॉल्सबरी हिल' लावलं. वाटेतलं मठ गाव येईपर्यंत तीनदा ऐकलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जेनेसिस हा इंग्लंडमधला रॉक बँड, १९६७ साली शाळासोबत्यांनी काढलेला. गॅब्रिएल त्याचा गायक. आपल्या दशावतारासारखी सोंगं काढायचा हा गडी! लाल झगा घालून वर कोल्ह्याचं मुंडकं, कधी डोक्याभोवती फुलाच्या पाकळ्या, कधी वटवाघळाचे पंख. बँड ऐन भरात असताना, १९७५ मध्ये, पंचविशीत तो बाहेर पडला. दोन वर्षांनी हे त्याचं एकट्याचं पहिलं सिंगल, म्हणजे सुटं गाणं, आलं. बाथ शहराजवळच्या टेकडीचं नाव, आणि विषय बँड सोडण्याचाच.

माझं म्हणणं एवढंच, की सोडणं बरोबर होतं आणि हे गाणं त्याचा पुरावा आहे. सुरुवातीला साधी अकूस्टिक गिटार. सोंग नाही, मुखवटा नाही. रात्रभर राजा झालेला नट पहाटे रंग पुसून चहाला येतो ना, तसा आवाज. हे त्याला बँडमध्ये करता आलं नसतं.

रापणकार
मेल्या, रंग पुसून चहाक येता तो नट, पण चहा कोणाच्या पैशान पिता ता पण बघ!

आता सरळ बोलतो. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, माणसं किती लागतात ते किनाऱ्यावर उभं राहून बघा. दोन्ही दोरांना ओढणारे, होडीतून जाळं सोडणारे, शेवटी मासळीचे वाटे. उद्या एक जण उठला, स्वतःची होडी घेतली आणि पहिल्याच दिवशी इसवण (सुरमई) गावली, तर गाव त्याचं कौतुक करील. पण मासा कुठे लागतो हे तो शिकला कुठे? आठ वर्षं बँडने त्याला उभं केलं. सोंगं हा काढायचा, फोटो ह्याचे छापून यायचे, लोकांना वाटायचं सगळं हाच करतो. बाकीचे मागे बसून वाजवत होते. त्या नावावरच ते पहिलं गाणं ऐकलं गेलं.

गुहागरची सून
रापणकार, तुमचा हिशोब अर्धाच आहे. १९७४ मध्ये त्याची पहिली मुलगी जन्मली, ती फार कठीण अवस्थेत. बँड तेव्हा मोठ्या अल्बमच्या कामात, आणि पोरीपाशी थांबणाऱ्या बापाबद्दल सोबत्यांना फारशी कणव नव्हती. इस्पितळात बाळ काचेच्या पेटीत असताना तालमीला या म्हणणाऱ्यांचे वाटे कसले मोजता? दौरा त्याने पूर्ण केला, मगच निघाला. अर्ध्या हंगामात दोर टाकून गेला नाही.

आमच्याकडे जाखडीत, म्हणजे नाचगाण्याच्या सामन्यात, शाहीर फुटला की दुसऱ्या वर्षी समोरच्या मंडळात उभा राहून जुन्या मंडळाचीच उणीदुणी काढतो. या गाण्यात तसलं काहीच नाही. अंधारात टेकडी चढलेला माणूस आणि खाली शहराचे दिवे. बस.

रापणकार
ताई, मुलीचं मान्य. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

पण तो गेल्यावर बँड बुडाला असता तर मी म्हटलं असतं, हाच खरा तांडेल, होडीचा म्होरक्या. बुडाला नाही. कितीतरी गायक ऐकून बघितले, एकही मनाला येईना, मग मागे ड्रम वाजवणारा फिल कॉलिन्सच गायला लागला. १९७६ मध्ये त्यांचा अल्बम आला आणि ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या नंबरापर्यंत गेला. ह्याचं 'हिल' पुढच्या वर्षी सिंगल्सच्या यादीत तेराव्यावर.

आंबेवाला, वेंगुर्ला
नंबर लावून हापूस पण विकतात हो. पेटीवर लिहिलेला नंबर आणि आतला आंबा, दोन्ही बघायचे. (अल्बमची यादी आणि सिंगलची यादी एका तागडीत घालणं हेही जरा गमतीचंच.)

पखवाज कुडाळ
तुम्ही माणसांवर भांडताय, गाणं कोणी ऐकलं की नाही? मी मुद्दाम पाच वेळा ऐकलं. सात मात्रांचं आहे, म्हणजे दर सात ठोक्यांनी आवर्तन फिरतं. आता लगेच 'म्हणजे आपला रूपक ताल' असं कोणी लिहू नका. ती ती ना, धी ना, धी ना. रूपकाची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, 'खाली'च्या म्हणजे टाळी नसलेल्या जागी येते, ठेका समेलाच हलका होतो. पखवाजावर सात मात्रांचा तीव्रा ताल, धा दिं ता, तिट कत, गदि गन. तिथे सम भरलेली. या गाण्यात तीन-दोन-दोन असं काही कानाला टोचत नाही, कारण खाली प्रत्येक मात्रेला एकसारखा ठोका चालू आहे, छातीत धडधड व्हावी तसा. म्हणून मान डोलते आणि टाळी मात्र चुकते. चारच्या हिशोबाने टाळी धरा, दुसऱ्याच आवर्तनात उलटी पडते. ध्रुवपद संपताना मात्र थोडा वेळ चारात येतं आणि पाय जमिनीला लागल्यासारखे वाटतात.

आता माझं मत. हे एकट्याचं काम नाही. वाजवणारे नवे होते, एवढंच. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, बुवा मंडळ बदलतो, पण पखवाजाशिवाय बसत नाही. 'एकट्याचं गाणं' हा शब्दच खोटा.

गुहागरची सून
हे पटलं. पण माणसं नवी निवडता येणं हेच तर स्वातंत्र्य ना?

रापणकार
स्वातंत्र्याचा बिल कोणी भरला ता पण आयका. १९८२ च्या उन्हाळ्यात गॅब्रिएलने जगभरच्या संगीताचा मोठा उत्सव भरवला, वोमॅड. कलाकार एकापेक्षा एक, पण पैसे बुडाले आणि कर्ज डोक्यावर. तेव्हा कोण धावलं? जुना बँड! त्याच वर्षी ऑक्टोबरात मिल्टन कीन्सला भर पावसात सगळे एकत्र वाजवायला उभे राहिले, त्याचं कर्ज फेडायला. आणि हा स्टेजवर आला कसा, तर शवपेटीतून.

आंबेवाला, वेंगुर्ला
म्हणजे सोंग सुटलं नव्हतं, माझं वाक्य मागे. 😄

पण हे माझ्याच बाजूचं झालं. शिव्या देऊन गेला असता तर कोणी आलं असतं? नीट निघाला म्हणून सात वर्षांनी हाक मारता आली.

रापणकार
नीट निघाला असेल. ते आले हा त्यांचा मोठेपणा, ह्याचा नाही. बाकी तुम्ही एवढे पेटलाय कशाला? भाचो खयचो बँड सोडता हा?

आंबेवाला, वेंगुर्ला
पकडलंत. पुण्यातला. चार वर्षं होता. गेल्या महिन्यात सोडला आणि सध्या आमच्या खळ्यात बसून गाणं करतोय. आई त्याच्याशी धड बोलत नाही, कारण बँडमधली चारही पोरं दर मे महिन्यात आमच्याकडे आंबे खायला यायची, आणि यंदा ती येणार की नाही हे विचारायची कोणाचीच छाती होत नाही.

गुहागरची सून
आईंनाच फोन करायला सांगा त्या पोरांना. त्यांना नाही कोण म्हणणार?

रापणकार
आवशीक सांगा, माझ्याकडून सुरमई पाठवतंय. पोरा येवंदेत. पण भाच्याबद्दलचा माझा मत बदलूचा नाय.

आंबेवाला, वेंगुर्ला
पखवाज कुडाळ, एक विचारायचं होतं. पोराचं गाणंही सातातच चाललंय आणि त्याला ड्रम नको, पखवाज हवाय. याल का?

पखवाज कुडाळ
गणपतीआधी जमायचं नाही, बाऱ्या लागल्यात. नंतर बघू. तोवर त्याला सम कुठे ते ठरवून ठेवायला सांगा.