फोनच्या जीपीएसवर सायकलचा वेग मोजतोय, आकडा नाचतो. मदत हवी आहे

मंडळी, आठवड्यातून तीनदा डिचोलीहून पणजीला सायकलने कामाला जातो. मये, चोडण, फेरीबोटीने रायबंदर आणि पुढे कॉजवेवरून पाटो. जुना अँड्रॉइड फोन हँडलला लावलाय, त्यावर स्पीडोमीटरचं ॲप.

चोडणच्या झाडीत एका लयीत पायडल मारत असलो तरी आकडा १४, २३, १७ असा उड्या मारतो. कॉजवेवर मात्र (१६३४ सालचा म्हणे, आमच्या वाटेवर इतका सरळ नि उघडा तुकडा दुसरा नाही) तोच फोन १९-२० वर शहाण्यासारखा बसतो. धक्क्यावर फेरीची वाट बघत उभा असतानाही २-३ दाखवतो. फेरीत चढलो की नदी ओलांडलेलं अंतरसुद्धा माझ्याच नावावर! पहिले काही दिवस ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

सोबतच्या मित्राकडे वायरवाला मीटर आहे, स्पोकला चुंबक लावतात तो. मये ते चोडणचा धक्का एवढ्यात माझं अंतर त्याच्यापेक्षा अर्धा किलोमीटर कमी भरतं. उन्हात स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवावी लागते, म्हणून बॅटरी सेव्हर कायम चालू.

खरं कोणाचं धरायचं? सेटिंगमध्ये काही करता येईल की मीटरच घेऊ?

प्रतिसाद १:
बॅटरी सेव्हर बंद करा, निम्मं दुखणं तिथेच आहे. त्यात फोन जागेची नोंद विरळ घेतो. मग दोन नोंदींच्या मध्ये वळण आलं की ॲप सरळ रेघ ओढतं, अंतर कमी भरणारच. उघड्या आभाळाखालीही फोनची जागा साधारण ५ मीटर इकडेतिकडे होते. ताशी २० ने तुम्ही सेकंदाला साडेपाच मीटर जाता, म्हणजे दोन जागांमधल्या अंतरावरून वेग काढणारं ॲप गडबडणारच. उपग्रहाच्या लहरींच्या डॉपलर बदलावरून (हालचालीमुळे लहरींच्या वारंवारतेत पडणारा फरक) फोन वेग वेगळा काढतो, तो वापरणारं ॲप बघा. झाडीत त्यालाही त्रास होतो. ऑटो-पॉज (थांबलात की मोजणी आपोआप थांबवणारी सोय) लावलंत की धक्क्यावरचे २-३ मोजले जाणार नाहीत. फेरी चालती असते, तिथे स्वतःच थांबवा.

प्रतिसाद २:
मित्राचा मीटर बरोबर आहे हे कोणी ठरवलं? तो चाकाचे फेरे मोजून घेराने गुणतो, आणि त्यात चाकाचा घेर हाताने भरावा लागतो. ७००×३५ (म्हणजे ३५ मिमी रुंद) टायरचा घेर सुमारे २१६८ मिमी, ७००×२५ चा २१०५. टायर बारीक आणि आकडा जाड टायरचा भरला असेल तर अंतर ३ टक्के फुगतं. टायरवर खडूची खूण करा, सायकलवर बसून चाक एक पूर्ण फेरा ढकला, दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. बाकी पावसाळ्यात रोज जाणार असाल तर मीटर घ्याच. भिजलेली स्क्रीन आपोआप बटणं दाबते.

धागाकर्ता:
सेव्हर बंद केला. आज फरक २०० मीटरवर आला, झाडीतला नाच अजून आहेच. उद्या खडू आणि टेप घेऊन जातो. मित्राला अजून काही बोललेलो नाही.