अंबड एमआयडीसी : विषाचे केक ठेवूनही गोदामातले उंदीर हटत नाहीत

गोदामवाला_नाशिक : बेदाण्याचं गोदाम आहे. रोज खोकी कुरतडलेली. ब्रोमॅडिओलोनचे (उंदीर मारायचं विष) केक ठेवले, तोंडही लावत नाहीत. काय करावं?

चापवाला : समोर बेदाणे असताना केक कोण खाईल! आणि खाद्यमालाच्या गोदामात आत विष नकोच. केक बाहेर, कुलूपबंद बेट बॉक्समध्ये (आमिषाच्या पेटीत), भिंतीलगत दर १०-१५ मीटरवर. आत चापाचे सापळे, भिंतीशी काटकोनात, आमिष भिंतीकडे. आमिषाला सुकट. पहिले चार-पाच दिवस चाप ओढू नका. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो.

सातपूरकर : आधी शटर बघा. मोठ्या उंदराला १२ मिमी फट पुरते, छोट्याला ६. खाली पत्र्याची पट्टी मारा. पाइपाभोवतीच्या भोकांत स्टील वूल कोंबून वर सिमेंट; नुसता फोम सहज कुरतडतात. खोक्यांची थप्पी भिंतीपासून दीड फूट सोडा, नाहीतर लेंड्या दिसायच्याच नाहीत.

गोदामवाला_नाशिक : मागे नाल्याकाठी मोठी बिळं, बाहेर मातीचे ढीग आहेत.

चापवाला : ती घूस. फरशीखालची माती पोखरते. संध्याकाळी सगळी बिळं बुजवा. सकाळी उकरलेली दिसतील तीच चालू. केक त्यांतच, खोल सारून. मरायला चार-सात दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी डोस वाढवू नका. मेलेल्या हातमोजे घालून पुरा, कुत्री खातात.