केकचा निळा-लाल रंग हातावर बसलाय, लिंबानेही जात नाही

ओव्हन_वेंगुर्ला

नमस्कार मंडळी. दीड किलोच्या केकसाठी गडद निळं आणि लाल बटरक्रीम केलं, रंग जेलचे. पायपिंग बॅग शिवणीवर फाटली आणि उजवा तळवा, अंगठा, पहिली दोन बोटं निळी-जांभळी झाली. नखांच्या कडा तर काळ्याच दिसतायत.

आतापर्यंत केलेलं: लगेच साबणाच्या वडीने हात धुतले, थोडा रंग उतरला. मग अर्धं लिंबू आणि मीठ चोळलं. मग घासणीच्या हिरव्या बाजूने घासलं. आता कातडी लाल झालीय, चुरचुरते, आणि निळा आहे तिथेच आहे. उलट लिंबानंतर जास्त घट्ट बसल्यासारखा वाटतो, की हा माझा भ्रम? पाणी विहिरीचं आहे. खाडी जवळ, त्यामुळे मे महिन्यात मचूळ होतं आणि साबणाला फेस येत नाही.

उद्या संध्याकाळी घरच्या साखरपुड्यात पंगतीला वाढायचंय. तोवर निघेल का? मुलाच्या गालावर पण लाल लागलाय, त्याला काय लावू? आणि पुढच्या आठवड्यात काळ्या केकची ऑर्डर आहे, तेव्हा हे कसं टाळायचं तेही सांगा.

खाडीकाठची_बेकरी

लिंबू कित्याक लावलंस गो बाय! भ्रम नाही तो.

केकच्या जेलमधले निळे, लाल, पिवळे हे बहुतेक सगळे पाण्यात विरघळणारे आम्लरंग. लोकर आणि रेशीम रंगवतात ते याच जातीच्या रंगांनी, आणि तो धाग्याला धरावा म्हणून रंगाच्या पाण्यात मुद्दाम व्हिनेगरसारखं आम्ल घालतात. लोकर काय, रेशीम काय, आपली कातडी काय, तिन्ही प्रथिनंच. आम्ल लागलं की प्रथिन या रंगाला आणखी घट्ट पकडतं. म्हणजे लिंबाने तुम्ही हात पक्क्या रंगात रंगवलात. कोकमाचं आगळ, चिंच, व्हिनेगर, सगळ्यांचा न्याय एकच. सुती एप्रनवरचा डाग साध्या साबणात जातो आणि हातावरचा जात नाही, त्याचं कारणही हेच. कापूस प्रथिन नाही.

आता क्रमाने. आधी घासणं पूर्ण बंद. चुरचुर आहे तोवर सोडा नको, स्पिरिट नको, फक्त खोबरेल लावून हात ठेवा. रात्रीत कातडी शांत होईल. उद्या सकाळी पुढचं करा.

हात कोरडे हवेत. एक चमचा खोबरेल घ्या आणि दोन मिनिटं जिरवा, पेरांच्या घड्यांत आणि नखांच्या कडेला जास्त वेळ द्या. बटरक्रीमचं लोणी घड्यांत बसलेलं असतं आणि त्यात रंग अडकलेला असतो, तो तेलानेच सुटतो. जुन्या सुती फडक्याने पुसून काढा. अजून पाणी नाही. तेलकट हातावरच चमचाभर शाम्पू किंवा भांड्यांचं लिक्विड घेऊन मिनिटभर चोळा, तेल दुधासारखं पांढरट व्हायला लागेल. मग कोमट पाण्याने धुवा. कढत पाणी लागत नाही, लोणी पस्तीस अंशांच्या आतच वितळतं, आणि कढत पाण्याने आधीच सोललेली कातडी आणखी भाजते.

मचूळ पाण्यात साबणाच्या वडीची साय होते, फेस नाही. म्हणून वडी नको, शाम्पू किंवा लिक्विडच. शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे घ्या.

त्यानंतर सोडा. खायचा सोडा एक चहाचा चमचा, पाणी अर्धा चमचा, शाम्पूचे चार-पाच थेंब. हाताला फासा, एक मिनिट थांबा, मग बोटाच्या पोटाने तीस सेकंद गोल गोल फिरवा. जोर नाही, दाणे आपलं काम करतात. धुवा. पेस्ट निळसर झालेली दिसली तर आणखी एकदा करा. पांढरीच राहिली तर थांबा, कारण उरलेला रंग कातडीच्या वरच्या मृत थरात शिरलेला आहे आणि तो थराबरोबरच जाणार. कपडे धुण्याचा सोडा चुकूनही घेऊ नका. दिसायला तसाच पांढरा, पण क्षार कितीतरी तीव्र.

खरं सांगायचं तर एका दिवसात साठ-सत्तर टक्के उतरेल असं धरून चाला. बाकीचं दोन-तीन दिवसांत भांडी घासता घासता जाईल.

देवगड_फॉन्डंट

व्हिनेगरच्या बाबतीत मी सहमत नाही. व्हिनेगरचा बोळा फिरवला की बोळा निळा होतो, हे कुणीही करून बघावं. रंग निघतो म्हणूनच बोळा निळा होतो ना?

खाडीकाठची_बेकरी

@देवगड_फॉन्डंट, निघतो तो वरवरचा, कातडीला न धरलेला. तेवढा साध्या पाण्याच्या बोळ्यालाही येतो. एका बोटावर नुसतं पाणी, दुसऱ्यावर व्हिनेगर, तिसऱ्यावर सोडा-शाम्पू असं लावून बघा, फरक तिसऱ्या बोटावर दिसेल. व्हिनेगर लावायचंच असेल तर पाण्याने सगळा सुटा रंग काढल्यानंतर लावा, म्हणजे निदान पक्का करायला काही उरणार नाही. पण मग लावायचं कशाला, हा प्रश्न उरतोच.

स्लॅबवरचा_मास्तर

वरचं बरोबर आहे, थोडी भर.

बाटलीवरचे आकडे वाचा. आपल्याकडे खाद्यपदार्थांत आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे. आयएनएस 133 ब्रिलियंट ब्ल्यू, 132 इंडिगो कार्मिन, 122 कार्मोइसिन, 124 पॉन्सो, 127 एरिथ्रोसिन, 102 टार्ट्राझिन, 110 सनसेट यलो, 143 फास्ट ग्रीन. यातला 127 फार चिवट. दातांवरचा न दिसणारा थर दाखवायला दंतवैद्य जो लाल रंग लावतात, तो हाच. गुलाबी छटेचा लाल असेल आणि आकडा 127 असेल, तर त्याला एक दिवस जास्त द्या.

सोड्यानंतरही डाग दिसला तर सत्तर टक्क्यांचं सॅनिटायझर किंवा सर्जिकल स्पिरिट. कापूस भिजवून डागावर वीस सेकंद नुसता दाबून धरा, मग उचला. घासू नका, नाहीतर रंग शेजारच्या स्वच्छ कातडीवर पसरतो. कापसाची बाजू बदलून तीनदा करा. गॅस बंद असू दे, स्पिरिटची वाफ झटकन पेटते. नंतर खोबरेल लावायला विसरू नका, स्पिरिट कातडी कोरडी करतं आणि कोरडी, भेगाळलेली कातडी पुढच्या वेळी दुप्पट रंग धरते.

पांढरी टूथपेस्टही चालते, वाटाण्याएवढी. तिच्यात बारीक दाणा असतो आणि फेस करणारा घटकही. पारदर्शक जेलवाली नको.

काय वापरायचं नाही ते स्पष्ट सांगतो. थिनर नाही, नेलपॉलिश रिमूव्हर कातडीवर नाही, आणि विहिरीत टाकायला घरात ठेवलेली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर तर अजिबात नाही. ती व्हिनेगर किंवा लिंबाशी मिसळली की क्लोरीन वायू सुटतो. लहान मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

हळदीचं मात्र उलट आहे. हल्ली नैसर्गिक रंगाचे केक मागतात म्हणून सांगतो. हळद पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि स्पिरिटमध्ये विरघळते. तिच्यावर सोडा लावलात तर हात एकदम कुंकवासारखा लाल होईल. घाबरू नका, कुंकू असंच होतं, हळदीला क्षार लागला की ती लाल होते. लिंबू पिळलं की परत पिवळी. हळदीला आधी तेल, मग शाम्पू, मग हात उन्हात. ऊन हळदीचा रंग खातं. चॉकलेटमध्ये घालायचे तेलातले रंग असतात त्यांनाही हाच क्रम, तेल दोनदा.

आणि एक. सुट्या पुडीतला भडक गुलाबी रंग आठ-आठ दिवस हातावरून जात नसेल आणि पुडीवर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक नसेल, तर प्रश्न हाताचा नाही, पुडीचा आहे. रोडामिन बी नावाचा कापडाचा रंग असा खाण्यात घुसतो. तामिळनाडू आणि कर्नाटकात 2024 साली म्हातारीच्या केसांवर बडगा आला तो याच्यामुळे. ती पुडी फेकून द्या.

आंबोळी_आणि_आयसिंग

मुलाच्या गालाचं कुणी सांगितलं नाही. चेहऱ्यावर सोडा नाही, टूथपेस्ट नाही, स्पिरिट नाही. खोबरेलाचे चार थेंब कापसावर घेऊन गालावर ठेवा, मिनिटभराने पुसा. मग बेबी शाम्पूचा एक थेंब ओल्या मऊ फडक्यावर, बाहेरून आत पुसत यायचं म्हणजे डाग मोठा होत नाही. दोनदा झालं की सोडून द्या. गालाची कातडी पातळ, रंग उद्या-परवापर्यंत आपोआप फिकट होतो. डोळ्याजवळ लागला असेल तर तेलही नको, साधं पाणी.

(निळा केक जास्त खाल्ला तर दुसऱ्या दिवशी शी हिरवी होते. तेव्हा इथे नवीन धागा काढू नका.)

मिरकरवाडा_पॅटिसरी

काळ्या ऑर्डरबद्दल. पांढऱ्या क्रीमवर काळा रंग आणायचा म्हटला तर अर्धी बाटली जाते, चव कडू होते, आणि हातांबरोबर पाहुण्यांचे दातही काळे होतात. अर्धा किलो बटरक्रीमला 50-60 ग्रॅम डार्क कोको चाळून घाला, ते गडद तपकिरी झालं की त्यावर काळा जेल टूथपिकने थोडा थोडा. काळपट झालं की थांबा. झाकून रात्रभर ठेवा, रंग स्वतःहून चढतो. लाललाही हेच, आदल्या रात्री करा, गडद गुलाबीवर थांबा. रंग कमी गेला म्हणजे हाताला कमी लागतो, साधा हिशोब.

बॅग शिवणीवर का फाटली? बहुतेक काठोकाठ भरली असेल. मे महिन्यात आपल्याकडच्या घामट हवेत लोणी सैल पडतं, मागून दाबलं की क्रीम नोझलमधून न येता वर आणि शिवणीतून वाट काढतं. बॅग निम्मीच भरा आणि दर दहा मिनिटांनी पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. गडद रंगाला सुरळीची युक्ती करा: क्रीम क्लिंग फिल्मवर पसरून सुरळी करायची, दोन्ही टोकं पिळायची, एक टोक कापून ते नोझलमध्ये ओढून घ्यायचं. बॅग आतून स्वच्छ राहते आणि रंग बदलताना हात भरत नाहीत.

ग्लोव्ह्ज नायट्रिलचे, मापाचे. हॉटेलात देतात ते पातळ प्लास्टिकचे बोटांना सैल असतात, नोझलवर पकड बसत नाही आणि वैतागून माणूस काढून टाकतो, मग सगळं तिथेच. घाम आला की जोडी बदला.

फॉन्डंट (केकवरचं साखरेचं आवरण) असेल तर फ्रीजमधून काढल्यावर खोका लगेच उघडू नका. बंद खोक्यात तासभर राहू द्या, दव खोक्यावर धरेल. उघडलात तर ते फॉन्डंटवर धरतं, गडद रंग पाझरतो आणि बोट लावाल तिथे ठसा, केकवरही आणि बोटावरही.

ओव्हन_वेंगुर्ला

सगळ्यांचे आभार. रात्री खोबरेल, सकाळी शाम्पू, मग सोडा दोनदा. पहिली पेस्ट चक्क आकाशी झाली, दुसरी जेमतेम. तळवा आणि बोटं आता लांबून कळत नाहीत, पोराचा गालही ठीक. नखांच्या कडा आणि नखाखालची रेघ मात्र अजून काळपट आहे. तिथे स्पिरिट चालेल?

स्लॅबवरचा_मास्तर

कडेची कातडी सोललेली नसेल तर चालेल. कापसाचा बोळा नाही, टूथपिकच्या टोकाला कापसाची वात करून. त्याआधी नखं बारीक कापा, निम्मी रेघ तिथेच जाईल. मग कोमट पाण्यात शाम्पू घालून पाच मिनिटं बोटं बुडवा आणि मऊ टूथब्रश नखाच्या दिशेने बाहेर ओढा, आत ढकलू नका. नखावरच रंग चढला असेल तर त्याला उपाय नाही, नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं तसा तो पुढे सरकत जाईल. संध्याकाळी वाढताना चमचा-पळी वापरा म्हणजे झालं.

काळ्या ऑर्डरच्या दिवशी ग्लोव्ह्ज घालण्याआधी नखांच्या कडेला आणि नखाखाली पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. फक्त ग्लोव्ह्ज लेटेक्सचे नाहीत ना, ते खोक्यावर बघा. जेली किंवा तेल लागलं की लेटेक्स सैल पडून फाटतं, आणि नेमकं बोटाच्या टोकाला.