झिंक फॉस्फाईडच्या गोळ्यांना उंदीर तोंड लावेनात, काय करावं?

मोहोळ_कोरडवाहू
मालदांडी ज्वारी दोन एकर, पोटरीत आलीय (कणीस अजून पानाच्या आवरणातच).. बांधाला लागून शेजारच्याचा ऊस. कणकेत गूळ आणि झिंक फॉस्फाईड हे उंदराचं विष मळून गोळ्या बिळांत टाकल्या. पहिल्या रात्री सात-आठ उंदीर मेले. त्यानंतर दोनदा टाकल्या, तर गोळ्या आहेत तिथंच. काल सगळी बिळं बुजवली, आज सकाळी त्यातली ४० उकरलेली दिसली. औषध बोगस की उंदीर शहाणे? डोस वाढवू का?

बांधकरी
डोस वाढवू नका मालक. चूक औषधात नाही, कणकेत आहे. झिंक फॉस्फाईडला ओल लागली की फॉस्फीन वायू सुटतो. मळताना लसणासारखा वास आला असेल, ते विषच उडून जात होतं. उरलेल्या कमी विषाच्या गोळीनं उंदीर मरत नाही, नुसता आजारी पडतो. मग ती चव आणि ते दुखणं त्याच्या डोक्यात एकत्र बसतं आणि तो त्या खाण्याला पुन्हा शिवत नाही. या हंगामात तुमच्या रानात झिंकचा विषय संपला.

आता ब्रोमोडिओलोन, हे दुसरं, सावकाश मारणारं उंदराचं औषध. ०.२५ टक्क्यांची पावडर घ्या. प्रमाण ९६ भाग भरडा, २ भाग गोडंतेल, २ भाग पावडर. ४० बिळांना प्रत्येकी १५ ग्रॅम म्हणजे ६०० ग्रॅम आमिष लागेल: ५७६ ग्रॅम भरडा, १२ ग्रॅम तेल, १२ ग्रॅम पावडर. गहू नको, त्याची धास्ती बसलीय. ज्वारीचा भरडा नाहीतर तांदळाच्या कण्या घ्या. आधी तेल भरड्याला चोळा, मग वरून पावडर भुरभुरत काठीनं हलवा. उलटं केलंत तर पावडर दाण्याला न चिकटता तळाशी बसते. तेल ताजं हवं, खवट झालेलं उंदीर ओळखतो. पाण्याचा थेंब नको. हातमोजे घाला, आणि घरातली पातेली-चमचे यासाठी वापरू नका.

याला आधी साधं खाणं देऊन सवय लावावी लागत नाही. उंदीर काही दिवसांनी मरतो, त्यामुळं बाकीच्यांना खाण्याचा संशय येत नाही. दुसऱ्या सकाळी मेलेले दिसले नाहीत म्हणून वैतागून आणखी टाकू नका. १०-१२ दिवसांनी बिळं पुन्हा बुजवा आणि जी उकरली जातील तेवढ्यांतच दुसरा हप्ता द्या.

काळीरान
वरच्यात भर. ४० हा आकडा कमी असू शकतो. घूस आपल्या बिळाचं तोंड आतून मातीनं बंद करते, त्यामुळं ‘बुजलेलं म्हणजे रिकामं’ हा हिशेब तिला लागू नाही. बांधावर ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग दिसला की तोंड मोकळं करून आमिष आत सारा.

काळ्या रानातल्या भेगांत सुट्टा भरडा ओतू नका, तो खोल जातो. १५-१५ ग्रॅमच्या कागदी पुड्या करा आणि काठीनं वीतभर आत ढकलून तोंड मातीनं हलकं झाका. प्लॅस्टिकची पुडी नको, तेलाचा वास बाहेर येत नाही. उघड्यावर एक दाणाही राहू नये, कोंबड्या, मोर, चित्तर सगळे टिपतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडचे शेतकरी असतील त्यांनी तर हे दुप्पट पाळावं. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. घुबड किंवा कुत्र्यानं खाल्ले तर ते विष त्यांनाही लागतं.

मोहोळ_कोरडवाहू
घरात लेकरं आहेत. कुणाच्या पोटात गेलं तर? आणि पुढच्या वर्षी झिंक वापरायचं झालं तर?

बांधकरी
ब्रोमोडिओलोनवर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. दोन्हीत घरगुती उपाय करत बसू नका, औषधाचं पाकीट सोबत घेऊन थेट दवाखाना.

झिंक वापरायचंच तर असं. पहिल्या संध्याकाळी बिळं बुजवा. दुसऱ्या दिवशी उकरलेल्या प्रत्येक बिळात २० ग्रॅम नुसता तेल लावलेला भरडा, विष नाही. चौथ्या दिवशी त्याच भरड्याची १० ग्रॅमची विषारी पुडी: ९६० ग्रॅम भरडा, २० ग्रॅम तेल, २० ग्रॅम ८० टक्क्यांची पावडर, १०० बिळांना पुरतं. उघड्या हवेत, वाऱ्याकडं पाठ करून कालवा आणि त्याच दिवशी संपवा. पाचव्या दिवशी मेलेले गोळा करून बिळं बुजवा; त्यानंतरही जी उकरतील तिथं ब्रोमोडिओलोन. झिंक हंगामात एकदाच. लोक नेमका तो साध्या भरड्याचा दिवस वाचवायला जातात आणि तिथंच घोटाळा होतो.

पाचट
वेळेचंही बघा. आता पोटरीत आहे तोवर आमिष खाल्लं जाईल. कणीस दुधात आलं की उंदराला वर ताटातच जेवण वाढलेलं असतं, तुमचा भरडा कोण खातो? सगळ्यात चांगला काळ काढणीनंतर, एप्रिल-मे. रान मोकळं, खाणं कमी, आणि उंदीर बांधावर गोळा झालेले. शिवाय शेजाऱ्याच्या उसात त्याच दोन-तीन दिवसांत आमिष पडलं पाहिजे, आणि तेही ऊस लोळायच्या आधी. लोळलेल्या उसात बिळं सापडतच नाहीत. तो तयार नसेल तर निदान सामाईक बांधाची बिळं दोन्ही अंगांनी तुम्हीच करा.